मंगळागौरीतला राखीव गडी

पुरुषाने मंगळागौर खेळू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलंय. आता निवृत्त माणसाला हे शोधायची वेळ का यावी, ते सांगतो.

त्या काळात बँकांनी आपल्या जुन्या माणसांना 'तुम्ही आता स्वखुशीने घरी जा' असं सन्मानाने सुचवलं होतं. मी लगेच खूश झालो आणि घरी गेलो. तसंही कॉम्प्युटर आल्यापासून माझ्याकडे एकच काम उरलं होतं. तो बंद पडला की काउंटरवरच्या लोकांना 'बंद पडलाय' असं सांगायचं. (ते मात्र मी मन लावून करायचो.) घरी बसल्यावर आम्ही मंडईजवळची जुनी जागा सोडली आणि वारज्याला नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मंडईजवळ नळाला पाणी यायचं खाली आणि आम्ही राहायचो वर, त्यामुळे दिवसभर जिना चालू असे. भाजीला खाली, दळणाला खाली, कुणी हाक मारली तरी खाली. वारज्याला लिफ्ट होती. टीव्हीला रिमोट होता, फोन बिनवायरीचा होता आणि भाजीवाला दारात येत होता. जगातल्या सगळ्या वस्तू उठून माझ्याकडे येऊ लागल्या, म्हणून मी उठायचा थांबलो. सकाळी आरामखुर्चीत बसलो की दुपारी वामकुक्षीसाठी तिथेच थोडा आडवा होत असे.

आमचा मुलगा तोवर अमेरिकेत गेला होता. सन दोन हजार उजाडताच सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून त्याला तिकडे बोलावलं होतं. ते पडले नाहीत, तरी याला ठेवून घेतलं. सुनेला दिवस गेल्याची बातमी आली आणि श्रावण संपला की आम्ही दोघांनी तिकडे जायचं ठरलं. हिने त्याच दिवशी डिंक कुठला आणायचा, याची चौकशी सुरू केली. मी आपला जाण्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून मंडईजवळच्या आमच्या नाना डॉक्टरांकडे गेलो. आम्ही घर बदललं, पण डॉक्टर बदलला नव्हता. नाना डॉक्टर सत्तरीचे, काटक, आणि बोलायला जेवढ्यास तेवढे. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा पाहिला, पुन्हा फुगवला आणि चष्मा काढून ठेवला.

"दिवसभर काय करता?"

"वाचन."

"बसून?"

"उभं राहून कोण वाचतं?"

"ज्यांना जगायचंय ते," नाना डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी मला जे ऐकवलं, त्याचा सारांश असा की, हृदय बिचारं एकटं किती ओढणार? पायात उतरलेलं रक्त वर चढवायचं काम पोटऱ्यांचं. त्या हलल्या तर रक्त वर जातं, नाही तर खाली साचून बसतं. बरं, नुसतं चालूनही भागत नाही. वाकलं पाहिजे, उकिडवं बसून उठलं पाहिजे, हात डोक्यावर गेले पाहिजेत, कंबर वळली पाहिजे, थोडी धाप लागली पाहिजे आणि मग ती शांतही झाली पाहिजे. शरीराला तऱ्हेतऱ्हेची हालचाल मिळाली की रक्तवाहिन्या नरम राहतात. तुम्ही मात्र स्वतःचं फर्निचर करून ठेवलंय, असं ते म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटी सांगितलं, की हा आकडा उतरल्याशिवाय मी तुम्हाला विमानात बसू देणार नाही. वहिनींनी एकटीने जावं.

आमच्या घरात नाना डॉक्टरांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. मी एरवी काहीही म्हणालो तर ही तीन बाजूंनी तपासून घेते, पण नाना डॉक्टर म्हणाले म्हणजे संपलं. परतीच्या रिक्षात ही गोळ्यांची चिठ्ठी दोनदा वाचत होती. घरी आल्यावर डिंकाची पुडी डब्यात टाकताना एवढंच म्हणाली, "मी एकटी जाऊन काय करू तिकडे?" नातवंडाचं पहिलं रडणं मी बिनवायरीच्या फोनवर ऐकणार आणि इकडे डब्याची आमटी खाणार, हे चित्र काही बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून मी टेकडीवर जाणाऱ्या ग्रुपमध्ये दाखल झालो. ग्रुपचे म्होरके आमच्या खालच्या मजल्यावरचे सबनीस. सरकारी खात्यातून निवृत्त, पांढरे बूट, कपाळाला घामाची पट्टी. (तिला घाम मी कधी पाहिला नाही.) ग्रुपचा दिनक्रम असा की, पायथ्यापर्यंत गाडीने जायचं, पहिल्या कट्ट्यापर्यंत चालायचं आणि तिथे बसून प्रकृतीविषयी बोलायचं. कुणाचं कोलेस्टेरॉल, कुणाची अँजिओग्राफी, कुणाचा जावई. मग उतरून अमृततुल्यात चहा आणि त्याला एकटं वाटू नये म्हणून शेजारी साबुदाणा वडा. मी महिनाभर इतका नेमाने व्यायाम केला, की पँट होईना. नाना डॉक्टरांनी पुन्हा पट्टा फुगवला. आकडा जागचा हलला होता, पण वर. "टेकडीवर जाता की लग्नाच्या पंगतीला?" एवढंच त्यांनी विचारलं.

याच सुमारास माझ्यावर दुसरं संकट आलं. हिचा आणि सोसायटीतल्या काही बायकांचा मंगळागौरीचा ग्रुप होता. तेव्हा पुण्यात कॉम्प्युटर कंपन्यांतल्या नव्या नवऱ्या मुलींना मंगळागौर हवी असे, पण खेळ येत नसत. मग या बायका नऊवारी नेसून हॉलवर जायच्या, स्वतः खेळायच्या आणि त्या मुलींनाही खेळायला लावायच्या. आषाढ लागला की तालीम सुरू. या वर्षी तालमीला आमचा हॉल ठरला. वेळ दुपारची, म्हणजे माझ्या वामकुक्षीची. पहिल्याच दिवशी मला न विचारता माझी आरामखुर्ची गॅलरीत गेली. मी हिला म्हटलं, अगं, दुपारी एक ते चार पुण्यात दुकानंसुद्धा बंद असतात. ही म्हणाली, "दुकानं चारनंतर उघडतात तरी. तुम्ही उघडताय कुठे?"

सोफा भिंतीला लावणं, टीपॉय उचलणं, सतरंजी गुंडाळणं आणि तालीम संपली की उलटं सगळं करणं माझ्याकडे आलं. गॅलरीत ऊन यायचं म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत असे. सगळ्या बायका पन्नाशीच्या पुढच्या. एकीला नातवंडं तीन. पण झिम्म्याला हात वर काय जात होते, पिंग्याला कंबर काय वळत होती! उकिडवं बसून बसफुगडी घालायच्या, कोंबडा करून हॉलभर उड्या मारायच्या, डोक्यावर सूप धरून घुमायच्या, आणि मधे धाप लागली की हसून घ्यायच्या. मी दारात नुसता उभा राहून दमत होतो. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मी वडा कमी करावा का, या विचारात होतो.

मग ग्रुपमधल्या नेनेवहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी विश्रांतवाडीला गेल्या आणि जोडीत एक बाई कमी पडली. ही पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली. नेनेवहिनी येईपर्यंत त्यांच्या जागी मी उभं राहायचं, नुसती जागा भरायची, असं तिने मला सांगितलं. (विचारलं नाही, सांगितलं.) मी तिथल्या तिथे अटी घातल्या. पडदे लावायचे, दार लावायचं आणि हे या हॉलच्या बाहेर कुणालाही कळता कामा नये. विशेषतः सबनीसांना. सगळ्या बायकांनी गळ्याची शपथ घेतली.

पहिल्या फुगडीला मी हिचे हात धरले आणि अर्ध्या मिनिटात हॉल माझ्याभोवती फिरू लागला. फुगडी थांबली तरी हॉल थांबेना. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या, की मी सोसायटीच्या दारातल्या पायऱ्या पाठमोरा उतरलो. बसफुगडीत मी नुसता बसलो, फुगडी समोरच्या बाईने एकटीने घातली. पण हळूहळू काय झालं कोण जाणे, गाडी रुळावर आली. दुपार झाली की माझे पाय आपोआप हॉलकडे वळायला लागले. सोफा मी न सांगता ढकलून ठेवी. रात्री झोप लागे, पँट परत होऊ लागली आणि एकदा लिफ्ट बंद असताना मी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून गेलो आणि दारात पोहोचल्यावर लक्षात आलं, की मला धापच लागलेली नाही. मी आनंदाने पुन्हा खाली जाऊन वर आलो. टेकडीच्या ग्रुपला मी 'दुपारी ध्यान करतो' असं सांगून टाकलं होतं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण दोन गोष्टी जमल्या, की तिसरीही आपल्याला जमणारच असं वाटणं हा आमच्या घराण्याचा आजार आहे. मंगळागौरीत गाठोडं नावाचा एक प्रकार असतो. जमिनीवर बसायचं, दोन्ही हातांनी पायाचे अंगठे धरायचे, अंगाचं मुटकुळं करायचं आणि गोल लोळून परत उठून बसायचं. ही मला नको म्हणत होती. मी म्हटलं, बाजूला हो. मी अंगठे धरले, लोळलो, अर्धा फेरा झकास झाला, आणि पाठीत कळ आली. अंगठे सुटले, पण पाठ सुटेना. मी सतरंजीवर कुशीला पडून छताकडे बघण्याचा प्रयत्न करत होतो आणि मला फक्त माझेच गुडघे दिसत होते.

नेमक्या त्याच वेळी दाराची बेल वाजली. खालून सबनीस आले होते. छतावर रोज कसले दणके बसतात, हे विचारायला. कुणीतरी दार उघडलं. सबनीसांना दिसलं ते एवढंच, की पडदे लावलेल्या अंधाऱ्या हॉलमध्ये मी मुटकुळं होऊन पडलोय आणि भोवती बायका तोंडाला पदर लावून उभ्या आहेत. (त्या हसू दाबत होत्या, हे मला पुढे कळलं.) सबनीस दारातूनच ओरडले, "अटॅक!"

मी म्हटलं, अहो, मला काही झालेलं नाही. "देवधर, बोलू नका," सबनीस म्हणाले, "बोलण्याने ताण येतो." मी पुन्हा म्हटलं. सबनीस बायकांना म्हणाले, सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच असतं. मग मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अटॅक नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार, मग हे काय आहे? आणि बायकांच्या मंगळागौरीत गाठोडं करताना अडकलो, असं सबनीसांना सांगण्यापेक्षा अटॅक मला भारदस्त वाटला. मी डोळे मिटून घेतले. शपथेने बांधलेल्या बायका माझ्याकडे आणि हिच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

माणसं गोळा झाली. मला तसंच वाकलेलं उचलून आरामखुर्चीत ठेवलं. (या खुर्चीचा उपयोग शेवटी झाला.) खुर्ची लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने नेली. खाली कुणाचं तरी नवं वॉशिंग मशीन घेऊन आलेला टेम्पो रिकामा होऊन उभा होता, त्यात मला खुर्चीसकट चढवलं. मशीनचं रिकामं खोकं शेजारीच होतं आणि त्यावर बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलेलं होतं. माझी नेमकी ती बाजू खाली होती. सबनीस मोठ्या हॉस्पिटलचं नाव घेत होते. ही मात्र शांतपणे म्हणाली, आधी नाना डॉक्टर. वारज्यापासून मंडईपर्यंत प्रत्येक सिग्नलला लोक टेम्पोत डोकावून गेले.

दवाखान्यात नाना डॉक्टरांनी मला टेबलावर कुशीला निजवलं, छातीला नळी लावली, पट्टा फुगवला, आकडा पाहिला. पुन्हा फुगवला. "हृदय ठणठणीत आहे," ते म्हणाले. "पाठीत उसण भरलीय. आणि प्रेशर तर गेल्या कित्येक वर्षांत एवढं चांगलं नव्हतं." सबनीसांनी छाती पुढे काढली. "आमच्या ग्रुपमुळे," ते म्हणाले. "टेकडीचा परिणाम." नाना डॉक्टरांनी त्यांच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, गोळ्या त्याच आहेत, मग हा आकडा उतरला कशाने?

मी हळूच म्हटलं, टेकडीनेच. "टेकडीने वर गेला होता," नाना डॉक्टर म्हणाले. "ज्या आकड्याचं कारण मला कळत नाही, त्याच्या भरवशावर मी माणूस विमानात बसवत नाही. वहिनींना एकटीला जाऊ दे." त्यात सबनीस म्हणाले, की मी येतानाच आमच्या घरी सांगून ठेवलंय, तुमच्या मुलाला अमेरिकेला फोन लावा म्हणून.

मी मान जेवढी वळेल तेवढी वळवून हिच्याकडे पाहिलं. तिला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं, पण तिने शपथ घेतली होती. ती पर्स छातीशी धरून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मी इतकी वर्षं संसार केला, पण हिला दवाखान्यात रडताना पाहिलं नव्हतं. लाज गेली खड्ड्यात, म्हटलं.

"फुगडीने," मी म्हणालो.

बाहेरच्या बाकावरचे पेशंट खोकायचे थांबले. मी मग सगळं सांगून टाकलं. झिम्मा, पिंगा, कोंबडा आणि गाठोडं. सबनीस मटकन स्टुलावर बसले. नाना डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्यांनी मला हात देऊन टेबलावरून खाली उतरवलं, पाठीवर मूठ ठेवून दाबलं, कट्‌ असा आवाज झाला आणि मी बऱ्याच वेळाने सरळ उभा राहिलो. मग ते म्हणाले, "दाखवा."

मी हिच्याकडे पाहिलं. तिने पर्स सबनीसांच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि माझ्यापुढे हात केले. आम्ही अगदी हळू, उसणीला न दुखवता, दवाखान्याच्या मधोमध फुगडी घातली. दाराच्या पडद्याआडून चार तोंडं आत आली. फुगडी थांबताच नाना डॉक्टरांनी माझी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिले. वाढली होती, आणि थोड्या वेळात शांतपणे खाली आली. "वाकणं, उठणं, वळणं, धाप, विसावा, सगळं आहे यात," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं लोकांना चाला म्हणत बसलोय. जा तुम्ही अमेरिकेला. विमानात दर थोड्या वेळाने उठा, पोटऱ्या हलवा. फक्त तिथे फुगडी नको, वाट अरुंद असते. आणि गाठोडं या जन्मी पुन्हा नाही." हिने डोळे पुसले आणि हसायलाच लागली. मुलाला फोनवर नक्की काय सांगितलं, ते हिलाच विचारा. दोन खंडांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो हसला, एवढंच मला माहीत आहे.

परतीच्या वाटेतच मी मनाची तयारी केली होती, की उद्या कट्ट्यावर माझं नाव निघणार. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात सबनीस, पांढरे बूट हातात घेऊन. आत कुणी आहे का ते पाहून त्यांनी विचारलं, की मला आपलं साधं काहीतरी शिकवता येईल का, कोंबडा वगैरे, फक्त टेकडीवर कळू देऊ नका. हिने त्यांच्या हातात सोफ्याचं एक टोक दिलं. तालमीची पहिली पायरी तीच असते.

श्रावण पार पडला. नेनेवहिनी परत आल्यामुळे मला कुठल्याच हॉलवर जायला मिळालं नाही. हिच्या मते माझा पिंगा अजून ओबडधोबड आहे आणि मी राखीव गडी म्हणूनच ठीक आहे. आम्ही अमेरिकेला गेलो, नात झाली. तिला पहिल्यांदा माझ्या हातात दिली तेव्हा मला वाटलं, आता काय, मुलाच्या मऊ सोफ्यावर नातीला मांडीवर घेऊन निवांत बसायचं. याचसाठी तर एवढा अट्टाहास केला होता.

मी बसलो. नातीने किंकाळी फोडली. उठलो, गप्प. पुन्हा बसलो, पुन्हा किंकाळी. नुसतं उभं राहिलेलंही तिला चालत नव्हतं. चालावं लागे, झुलावं लागे, वाकावं लागे, मधूनच गिरकी घ्यावी लागे, आणि एकच प्रकार फार वेळ केला की तिचा ओठ लगेच वाकडा होई. नाना डॉक्टरांनी तिच्याशी परस्पर बोलणं केलं असावं, असा मला अजून संशय आहे. एका संध्याकाळी मी तिला खांद्यावर घेऊन त्या मोठ्या हॉलमध्ये पडदे लावून पिंगा घालत होतो. सून बऱ्याच वेळाने दारात येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ती मघाशीच झोपलीय."

"मला माहितेय," मी म्हणालो. "पण माझा पिंगा अजून ओबडधोबड आहे."